विस्तवाला आलेला माणूस

आपल्या घरात शिरलेल्याला मारायची मुभा कायदा देतो, हे मला मारून झाल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर हात जास्त जोरात पडला असता की कमी, ते सांगता येत नाही. माझा स्वभाव पाहता जास्तच पडला असता. माझी आई म्हणायची, ही पोरगी आधी पाण्यात उडी मारते आणि मग खोली विचारते. लग्न होऊन मी मूल या तालुक्याच्या गावाजवळच्या, धानपट्ट्यातल्या एका गावात आले तेव्हा सगळ्यांना हे आठवड्यात कळलं होतं.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत आणि आम्ही मध्यप्रदेशात मोडत होतो. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. सासूसासरे वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या बाजूला मोठ्या दिराकडे राहत. इकडच्या वाट्याच्या बांध्या, म्हणजे धानाचे लहान लहान तुकडे, माझा नवरा पाही. घरात आम्ही दोघंच. मातीचं घर, पुढे ओसरी, मधे एकच मोठी अंधारी खोली आणि मागे सांदवाडी, म्हणजे परसू. सांदवाडीच्या कुंपणापलीकडे एक ढिवराचं घर होतं. तो तलावात जाळं टाकी, त्याची बायको मासे विकी आणि रोवण्याच्या दिवसांत धान लावायच्या मजुरीला जाई.

दोन्ही सांदवाड्यांच्या मधल्या कुंपणात माणूस जाईल एवढी फट होती. ती कोणी पाडली नव्हती, जाऊन जाऊन पडली होती. आमच्याकडे पुढचं दार पाहुण्यांचं आणि पटवाऱ्याचं. मागचं दार बायांचं. मागच्या दाराने मीठ येई, ताक जाई आणि सगळ्यात जास्त जाई तो विस्तव. पावसाळ्यात आगपेटी सादळायची, दहा काड्या ओढाव्या तेव्हा एक पेटायची, म्हणून ज्या घरची चूल धुमसत असेल तिथून निखारा आणायचा. हातात गोवरीचा तुकडा घ्यायचा, मागच्या दाराने आत जायचं, "इस्तो न्यून राह्यली वो" असं म्हणायचं आणि राखेतला निखारा गोवरीवर घेऊन फुंकत फुंकत परत जायचं. घरची बाई घरात असो की नसो. विचारायचं नसे, फक्त बोलायचं असे. आणि हे काम बायांचं. विस्तव आणायला पुरुष गेला तर त्याला गावात वर्षभर चिडवतील, त्याची बायको कुठे पळाली म्हणून विचारतील.

त्या वर्षी रोवण्यात माझ्या पायांना चिखल्या झाल्या. दिवसभर चिखलात उभं राहून बोटांच्या बेचक्या कुजतात, मग पाय टेकवत नाही. ढिवराच्या बायकोनेच मला करंजाचं तेल आणून दिलं आणि म्हणाली, चार दिवस बांधीत पाय ठेवू नको. म्हणून मी घरी राहिले. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच तेलावरून माझा छळ झाला.

रोवण्यात दुपारी गावात चिटपाखरू नसतं. म्हातारे आणि तान्ही मुलं सोडली तर सगळं गाव बांध्यांत वाकलेलं असतं. मी ओसरीत पाय पसरून बसले होते. आत काहीतरी कुरकुरलं. मांजर असेल म्हणून मी हूं केलं. पुन्हा कुरकुरलं, आणि हा आवाज मांजराचा नव्हता. मी भिंतीला धरून आत गेले. बाहेरच्या उजेडातून आल्यामुळे डोळ्यांपुढे काळोख. चुलीपाशी एक पाठ दिसली. वाकलेली, उघडी, पुरुषाची पाठ.

आमची चूल आणि धानाची ढोली शेजारी शेजारी होती. ढोली म्हणजे शेणाने लिंपलेली बांबूची उंच कोठी. वर्षाचं खाणं तिच्यात. रोवण्याच्या दिवसांत बहुतेक घरांच्या ढोलीचा तळ दिसायला लागलेला असतो, आमच्या ढोलीत अजून बरं होतं, आणि ते सगळ्या गावाला माहीत होतं. चुलीवर वाकलेला माणूस आणि ढोलीवर वाकलेला माणूस, पाठीकडून पाहिलं तर सारखाच दिसतो.

मी म्हणाले, "कोन आहे?"

तो सरळ झाला, पण बोलला नाही. माझ्याकडे वळलाही नाही. मी तेवढाच एक श्वास थांबले. दाराच्या आडोशाला मुसळ उभं होतं ते उचललं आणि घातलं. त्याने हात वर केला म्हणून ते डोक्यात न बसता हातावर बसलं. हाड मोडल्याचा आवाज मला आला. मग तो वळला आणि मी ओळखलं. मागचा ढिवर.

"इस्तो न्याले आलो होतो, बाई," तो म्हणाला, आणि मोडलेला हात दुसऱ्या हाताने धरून मागच्या दाराने गेला.

मी दोन्ही दारं लावून घेतली आणि तिथेच बसले.  मला त्याची कीव आली नाही, हे खरं ते सांगते. मला राग आला होता. मग मी त्याच्या हातातला गोवरीचा तुकडा शोधायला लागले. विस्तवाला आला होता तर गोवरी हवी. चुलीपाशी आमच्याच गोवऱ्यांचे पाचसहा तुकडे पडलेले होते, त्यातला एक त्याचा असेल किंवा नसेलही. ढोलीच्या तोंडावर मी सूप झाकून ठेवत असे. ते सूप खाली भिंतीला टेकलेलं होतं. सकाळी धान काढल्यावर मीच ते तसं ठेवलं होतं की त्याने उतरवलं होतं, मला आजतागायत आठवत नाही. डोकं कितीदा खाजवलं, पण नाही.

संध्याकाळी त्याची बायको रोवण्यावरून परत आली आणि कुंपणाच्या फटीत उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मीही दोन दिल्या असत्या. ती फक्त म्हणाली, त्याच हातानं तो जाळं फेकते. मी म्हणाले, मग माझ्या घरात काऊन आला. ती म्हणाली, इस्तो न्याले. मी म्हणाले, गोवरी कुठी होती. ती म्हणाली, तुयाच चुलीपाशी पडली असन, पाह्य. एवढं बोलून ती गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्या फटीत बाभळीच्या काट्या रोवलेल्या दिसल्या.

गावाचे दोन भाग पडले. अर्धं गाव म्हणे, विस्तव नेणाऱ्याचा हात मोडणारी बाई गावात नको. अर्धं गाव म्हणे, बाप्या माणूस विस्तवाला जातो कधी? पण या दुसऱ्या अर्ध्याची नजर मला पहिल्यापेक्षा जास्त खुपू लागली. माझी बाजू घेणाऱ्या बाया माझ्याकडे पाहून एकमेकींकडे पाहत. बाप्या विस्तवाला जात नाही, हे बरोबर. मग कशाला गेला होता? पुढचं कोणी बोलत नसे.

पुढचं माझा नवरा बोलला. जेवताना बोलला, भात कालवता कालवता, वर न पाहता. त्याला माझ्या पायांचं माहीत होतं का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, कोणाला? त्याला, मागच्याला. मी म्हटलं, माहीत असणारच, तेल त्याच्याच बायकोने आणून दिलं. त्याने आणखी एक घास कालवला. मग म्हणाला, "मंग त्याले मालूम होतं का तू घरी आहेस."

"हो."

"चोर असन तं घरात कोनी असताना येईन का?"

मला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा हातातली भाताची पळी तशीच राहिली. एका माणसाचा हात मोडून मी घर राखलं होतं आणि माझ्या नवऱ्याने त्यातून एवढाच हिशोब काढला होता की ज्याला मी घरी असल्याचं माहीत होतं तो धानासाठी आला नसणार. मग मी त्याला मारलं कशाला, हेही त्याच्यापाशी तयार होतं. भांडण झालं असेल. गाव पाहील म्हणून भ्याली असेल. हे तो बोलला नाही, पण त्या दिवसापासून तो माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागला त्यात हे सगळं लिहिलेलं होतं. संशय एकदा घरात शिरला की त्याला मुसळ चालत नाही.

ढिवराचा हात गावच्या हाडवैद्याने बांधला, पण तो पुढे वाकडाच बसला. त्याच्या माणसांनी मूलच्या ठाण्यावर जाऊन तक्रार दिली. मला तुरुंगात घालतात की काय, या भीतीने मला अन्न जाईना. नवऱ्याने मला पढवलं. धान चोरून राह्यला होता असंच सांगायचं, सूप उतरवताना पाहिलं म्हणायचं. मी म्हटलं, मी पाहिलं नाही. तो म्हणाला, पाह्यलं म्हन्याले काय जाते तुयं? त्याला माझी सुटका हवी होती हे खरं, पण माझ्या तोंडून चोर हा शब्दही हवा होता. मी चोर म्हटलं की त्याच्या डोक्यातलं दुसरं काही खोटं ठरणार होतं. मी म्हणत नव्हते म्हणून ते खरं ठरत चाललं होतं.

चौकशीला ठाण्याचा जमादार सायकलवर आला आणि गावच्या पटेलाच्या ओसरीवर बसला. उंच, वयस्क माणूस, अर्धं हिंदी अर्धं आपलं बोलणारा. ओसरीखाली गाव जमलं. एका बाजूला ढिवर आणि त्याची बायको, एका बाजूला मी, माझ्यामागे नवरा. जमादाराने मला बसायला सांगितलं, माझे पाय पाहिले आणि पाणी मागवलं. मला वाटलं, बरा माणूस दिसतो. पण बऱ्या माणसानेच मला सगळ्यात मोठ्या कोड्यात टाकलं.

त्याने आधी कायदा समजावून सांगितला. आपल्या घरात घुसलेल्यापासून आपलं घर आणि आपला जीव वाचवायचा हक्क सगळ्यांना आहे, बाईलाही आहे. पळून जायची गरज नाही. फक्त जरुरीपुरतंच मारायचं. आणि जरुरी किती, ते भीती कशाची होती त्यावर ठरतं. दिवसाढवळ्या दोन पायली धान नेणाऱ्याचं हाड मोडलं, तर हे जास्त झालं का असं मॅजिस्ट्रेट विचारू शकतो. पण बाईला आपल्या अब्रूची भीती वाटली असेल, तर कायदा तिला खूप मोकळीक देतो. मग तो माणूस मेला तरी तिला बोल लागत नाही.

मग त्याने सरळ विचारलं, "तो बताओ बाई, डर कशाची वाटली तुमाले? धानाची का इज्जतीची?"

 मला दिसत होतं की जमादार मला वाट काढून देत होता. अब्रूची म्हटलं की मी सुटले. पण अब्रूची म्हटलं की पाठीमागे उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याच्या संशयाला पुरावा मिळाला, आणि समोर बांधलेला हात घेऊन उभा असलेला माणूस जन्मभरासाठी गावातून उठला. धानाची म्हटलं तर नवरा खूश, पण ते मी पाहिलं नव्हतं, आणि विस्तव न्यायला आलेला माणूस चोर ठरला असता. दोन्ही उत्तरं दुसऱ्यांनी माझ्यासाठी शिजवून ठेवलेली. मला भयंकर चीड आली. माझ्या घरात मी घाबरले, आणि कशाला घाबरले हे ठरवायला सगळं गाव बसलं होतं.

मी म्हणाले, "धानाची नाई अन् इज्जतीचीबी नाई. माह्या घरात म्या इचारलं, कोन आहे. त्यानं जवाब देल्ला नाई. त्याची भीती वाटली."

 मागे नवऱ्याने श्वास सोडलेला मला ऐकू आला. मग जमादार ढिवराकडे वळला आणि विचारलं, बाईने विचारलेलं तुला ऐकू आलं का. ढिवराने मान खाली घातली. त्याची बायको त्याच्या वतीने बोलू लागली तेव्हा जमादाराने तिला हाताने थांबवलं.

"आयकू आलं," ढिवर म्हणाला.

"मंग बोलला काऊन नाई?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. "शरम वाटली, साहेब. बायको रोवन्यावर गेलती. मासोळी भाजाची होती, चूल इझली. इस्तो न्याले बाया जातेत. मी गपचूप घेऊन निघून जाऊ म्हटलं. बाईनं आवाज देल्ला तं तोंडातून शब्दच निघाला नाई."

कोणीतरी हसलं. मग आणखी कोणी हसलं. हात मोडलेला माणूस समोर उभा होता आणि गाव हसत होतं, कारण तो बायकी काम करताना सापडला होता. मी हसले नाही, त्याची बायको हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती, आणि ती त्याच्यावर विश्वास ठेवते की नाही हे मला तिच्या तोंडावरून ओळखता आलं नाही. माझं मला तरी कुठे ठरवता येत होतं? लाज वाटून गप्प बसणारे पुरुष मी पुष्कळ पाहिले आहेत. ढोलीकडे हात जाताना सापडल्यावर लाजेची सबब सांगणाराही असू शकतो. मी त्याच्यावर अर्धा विश्वास ठेवला, आणि तो अर्धाच राहिला.

जमादाराचं मत झालं होतं. तो म्हणाला, आपल्या घरात हाक दिल्यावर अनोळखी माणूस बोलत नसेल तर बाईने काय समजायचं? तिला भीती वाटली, ती खरी होती, तिने एकदाच मारलं आणि तो निघाल्यावर मारलं नाही. हे कायद्यात बसतं. ढिवराने तक्रार मागे घेतली. गाव हसल्यावर त्याला ती पुढे न्यायचीच नव्हती. उठताना जमादार माझ्या नवऱ्याला म्हणाला, तुमची बाई हिंमतवाली आहे, घर सांभाळलं तिनं. नवऱ्याने हात जोडले. त्याचे हात जोडलेले मला दिसले आणि तोंडही दिसलं. तोंड हात जोडत नव्हतं.

घरी येऊन तो एवढंच म्हणाला, "धान म्हटली असती तं काय बिघडलं असतं?"

दोन दिवसांनी बांधीवर जायच्या आधी तो मागच्या दारापाशी बसून काहीतरी ठोकत होता. माझ्या चिखल्या अजून भरल्या नव्हत्या, मी चुलीपाशी होते. ठोकणं झाल्यावर तो पुढून निघाला. पुढच्या दाराची बाहेरची कडी वाजली, आणि मग घराला वळसा घालून जाणारी त्याची पावलं ऐकू आली. मागे दुसरी कडी वाजली. मागच्या दाराला आजवर फक्त आतून अडसर होता. त्याने तो काढून बाहेरून कडी बसवली होती आणि मला आत ठेवून दोन्ही लावून गेला होता.

मी ओरडले नाही. ओरडून ऐकणार कोण, सगळे बांध्यांत. आणि ढिवरिणीने माझी हाक ऐकून दार उघडावं एवढं आमच्यात उरलं नव्हतं. मी त्या अंधारात बसले आणि माझ्या लक्षात आलं ते एवढंच, की आता मागच्या दाराने कोणी आलं तर त्याला मी अडवू शकत नाही आणि पळूही शकत नाही. दिवसभर मी बाहेरची पावलं ऐकत होते. एक बकरी आली, एक कुत्रं आलं.  मुसळ मारलं त्या दिवशी मी इतकी घाबरले नव्हते.

तो दिवस मावळताना आला, कडी काढून आत आला आणि हातपाय धुवायला पाणी मागितलं. मी पाणी दिलं नाही. मी म्हणाले, "दुपारी कोनी आलं असतं तं?"

"दार लावून होतं. येईन कोन?"

"कडी बाहेरून होती. येनाऱ्याले काढता आली असती. मलेच नसती काढता आली."

तो उभाच राहिला. मला वाटतं, कडी ठोकताना त्याच्या डोक्यात एकच बाजू होती. आत राहणारी. बाहेरून येणाऱ्याचा त्याने विचारच केला नव्हता, कारण त्याला भीती येणाऱ्याची नव्हती. हे त्याच्या त्याला त्या क्षणी कळलं, आणि मला कळल्याचं त्याला दिसलं.  मी म्हणाले, "तो जमादार म्हने, घर माह्यं आहे. तुमी सांगा, कोनाचं आहे."

 दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विळ्याच्या टोकाने खिळे उचकटून कडी काढली, अडसर परत बसवला आणि तो बांधीवर गेला. त्यानंतर आमचा संसार झाला, मुलं झाली, तो वाईट नवरा नव्हता. संशय मात्र त्याने पूर्ण सोडला असं मला कधी वाटलं नाही, आणि मीही त्याला माफ केलं असं नाही.

त्या दिवसापासून मी घरात एकटी असले की दोन्ही दारांना आतून अडसर घालायला लागले. तो शेतावरून आला की दार वाजवी. त्याचं खोकणं, त्याची चाल, दारावर पडणारी त्याची थाप, मला सगळं झोपेतही ओळखता आलं असतं. तरी मी आतून विचारायची, कोन आहे. पहिल्या दिवशी तो गप्प राहिला. मीही अडसर काढला नाही. पाऊस पडत होता, तो ओसरीत उभा होता, मी आत उभी होते. शेवटी त्याने सांगितलं, मी आहो. पुढे तो म्हातारा होऊन गेला तोवर रोज सांगत राहिला, आणि तो सांगेपर्यंत मी दार उघडत नसे.